गाठ कुणाच्या हाताला लागते?

१९९८ साली मुंबईतल्या गरीब वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या काही आरोग्य कर्मचारी फिरू लागल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. शिक्षण साधारण दहावीपर्यंतचे आणि वर काही आठवड्यांचे प्रशिक्षण, एवढ्या तयारीवर त्या ३५ ते ६४ वयाच्या बायकांना वस्तीतल्याच तपासणी केंद्रात बोलावत, त्यांचे स्तन आणि काखा हाताने नीट तपासत आणि शंका आली की रुग्णालयात पाठवत. दोन वर्षांनी पुन्हा तेच. अशा चार फेऱ्या झाल्या आणि त्यानंतर कितीतरी वर्षे दर दोन वर्षांनी घरी जाऊन चौकशी होत राहिली. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकाराने झालेल्या या अभ्यासात वस्त्यांचे २० गट होते आणि १ लाख ५१ हजार ५३८ बायका. निम्म्या गटांत तपासणी झाली. उरलेल्या गटांतल्या बायकांना कर्करोगाची माहिती दिली गेली, पण तपासणी झाली नाही. निष्कर्ष ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये छापून आले. स्तनाच्या कर्करोगाची तपासणी कुणी, कुणाची, कशी करावी या वादात आपल्या मातीतला याहून मोठा पुरावा नाही. तरीही आपल्याकडे बोलणे होते ते बहुतेक वेळा मॅमोग्राफीबद्दल, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीबद्दल. यंत्र हवे की नको, चाळिशीला सुरुवात करावी की पन्नाशीला, हा वाद युरोप-अमेरिकेत महत्त्वाचाच आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य बायकांचा जीव त्या प्रश्नावर अडलेला नाही, असे मला पुरावा पाहून वाटते. गाठ लागल्यापासून उपचार पूर्ण होईपर्यंतच्या वाटेत त्या मागे राहतात. तपासणीचा विचार या वाटेचा पहिला टप्पा म्हणूनच करायला हवा.

मुळात हा वाद उद्भवतोच का, हे आधी पाहू. रोग लवकर सापडला की बरा होतो, मग तपासणीला हरकत कसली, असे कुणालाही वाटेल. पण काहीही त्रास नसलेल्या बायकांमध्ये रोग शोधताना आकडे दोन प्रकारे फसवतात. पुण्याहून सोलापूरला जाणारी एसटी घ्या. एक बाई स्वारगेटला चढते, दुसरी इंदापूरला. पहिलीचा प्रवास कितीतरी जास्त तासांचा, पण सोलापूरला दोघी एकाच वेळी उतरतात. रोग दोन वर्षे आधी सापडला आणि मृत्यू मात्र ठरल्या वेळीच आला, तर निदानानंतर बाई दोन वर्षे जास्त जगली असे कागदावर दिसते, प्रत्यक्षात तिच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर पडलेली नसते. दुसरी फसवणूक आणखी सूक्ष्म आहे. रात्री तासातासाने गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्याला रेंगाळणारा सापडतो, धावत येऊन धावत जाणारा निसटतो. तसेच ठरावीक वर्षांनी होणाऱ्या तपासणीत हळू वाढणारे, मवाळ कर्करोग जास्त सापडतात. जे भराभर वाढतात ते बऱ्याचदा दोन तपासण्यांच्या मधल्या काळात डोके वर काढतात. म्हणून तपासणीत सापडलेल्या रुग्णांची स्थिती इतरांपेक्षा चांगली दिसणारच. त्याचे श्रेय तपासणीला द्यावे की रोगाच्या स्वभावाला, हे नुसत्या तुलनेतून कळत नाही. एकच कसोटी उरते. सारख्या परिस्थितीतल्या हजारो बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाची तपासणी करायची आणि वर्षानुवर्षे मृत्यू मोजायचे.

असे प्रयोग न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झाले, स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून आणि कॅनडात १९८० पासून. त्यांचे निकाल एकसारखे नाहीत. स्वीडनमध्ये मॅमोग्राफीने मृत्यू ठळकपणे घटलेले दिसले. कॅनडात २५ वर्षांनंतरही फरक दिसला नाही. उलट, मॅमोग्राफीत सापडलेल्या पसरणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे २२ टक्के अनावश्यक निदाने होती असा हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला. ब्रिटनमध्ये हा वाद इतका तापला की सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. २०१२ मध्ये तिने दिलेला हिशेब मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत प्रामाणिक वाटतो. पन्नाशीच्या १० हजार बायकांना पुढची वीस वर्षे नियमित मॅमोग्राफीसाठी बोलावले, तर त्या काळात ६८१ कर्करोग सापडतील. त्यामुळे ४३ मृत्यू टळतील. आणि १२९ बायकांना अशा कर्करोगाचे निदान होईल, की जो तपासणी झाली नसती तर त्यांना आयुष्यभर कळलाही नसता, कधी त्रासही दिला नसता. एक जीव वाचतो, तर सुमारे तीन बायका विनाकारण रुग्ण होतात.

हे अनावश्यक निदान समजायला अवघड जाते, कारण तसे निदान झालेली बाई आपल्याला बोट दाखवून सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा रोग खराखुरा कर्करोगच असतो. तो पुढे वाढला असता की तसाच पडून राहिला असता, हे त्या वेळी डॉक्टरांनाही सांगता येत नाही, म्हणून शस्त्रक्रिया होते, किरणांचे शेक दिले जातात, हार्मोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालतात. ती बरी होते आणि ‘तपासणीने माझा जीव वाचवला’ असे मनापासून सांगते. तिचे म्हणणे खोटे ठरवायचा अधिकार कुणालाच नाही. फक्त अशा अनुभवांची बेरीज करून धोरण आखता येत नाही, एवढेच. अमेरिकेतल्या तीस वर्षांच्या नोंदी तपासणारा ब्लेयर आणि वेल्च यांचा लेख २०१२ मध्ये आला. त्यात दिसते की मॅमोग्राफी सर्वत्र झाल्यावर लवकरच्या अवस्थेतल्या कर्करोगांचे निदान दुपटीने वाढले, पण उशिरा सापडणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण अवघ्या ८ टक्क्यांनी कमी झाले. लवकर पकडलेला प्रत्येक रोग पुढे बळावणाराच असता, तर बळावलेले रोग त्याच मापाने घटायला हवे होते. म्हणून मॅमोग्राफी फसवी आहे असे कुणी म्हणत असेल, तर तेही मला पटत नाही. वाचलेले ४३ जीव खरे आहेत. मोबदला काय द्यावा लागतो हे बायकांना आधी सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा, एवढेच या आकड्यांतून निघते. तज्ज्ञांचाही तोल इकडेतिकडे होतो. अमेरिकेच्या सरकारी सल्लागार गटाने २००९ मध्ये चाळिशीतल्या बायकांसाठी सरसकट तपासणी नको असे म्हटले आणि २०२४ मध्ये चाळिसाव्या वर्षापासून दर दोन वर्षांनी करावी असे सांगितले. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी बोलावणे येते.

आता आपल्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे १ लाख ९२ हजारांच्या आसपास नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. नव्या रुग्णांच्या निम्म्याइतके मृत्यू, हे प्रमाण श्रीमंत देशांच्या तुलनेत फार मोठे आहे. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, तेव्हा पाच वर्षे जगण्याचे प्रमाण भारतात सुमारे ६६ टक्के आणि अमेरिकेत ९० टक्के निघाले. या फरकातला काही भाग वर सांगितलेल्या एसटीच्या हिशेबाचा आहे, हे मान्य करायला हवे. पण सगळा नाही. अमेरिकेची अडचण अशी, की निरुपद्रवी रोगही शोधून काढले जातात. आपल्याकडे हाताला सहज लागणारी, कधी डोळ्यांना दिसणारी गाठ घेऊन बाई महिनोन्‌महिने घरात वावरत असते. ती दुखत नाही, म्हणून काही नसेल असे वाटते. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, पेरणी, सासऱ्यांचे आजारपण आटोपले की बघू, असे म्हणत ती पुढे ढकलते. मुंबईच्या अभ्यासात तपासणी न झालेल्या गटात ज्यांना कर्करोग झाला, त्यांच्यापैकी ४७ टक्के बायकांचा रोग तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत पोहोचलेला होता. आणि हे चित्र मुंबईतले आहे, जिथे देशातले सर्वांत नावाजलेले कर्करोग रुग्णालय आहे.

तपासणी झालेल्या गटात हेच प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. म्हणजे पुढच्या अवस्थेतले रोग खरोखर कमी झाले. अमेरिकेत नेमके हेच फारसे घडताना दिसले नव्हते. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मोठी यंत्रे नाहीत, विजेचा भार नाही, क्ष-किरण तज्ज्ञ नाही. शिकवलेला हात, पडद्याआडचा कोपरा आणि पुढे पाठवायला एक रुग्णालय. मॅमोग्राफीच्या गाजलेल्या प्रयोगांत दिसलेल्या फायद्याच्या तोडीचा हा आकडा आहे.

पण त्यावर हरकती आहेत आणि त्या हलक्या नाहीत. पहिली अशी, की सगळ्या वयांच्या बायका एकत्र धरल्या तर मृत्यूंमधली घट १५ टक्के भरते, आणि ती योगायोगानेही दिसू शकेल इतपत आहे. संख्याशास्त्राच्या काटेकोर रेषेपर्यंत ती थोडक्यात पोहोचत नाही. पन्नाशीखालच्या बायकांमध्ये तर लक्षणीय फायदा दिसलाच नाही. एका अभ्यासातला एका वयोगटाचा चांगला निकाल उचलून त्यावर राष्ट्रीय धोरण उभारणे धोक्याचे असते, हा इशारा योग्य आहे. तरीही मला हा निकाल विश्वासार्ह वाटतो, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंततात. रोग आधीच्या अवस्थेत सापडला आणि ज्या वयात रजोनिवृत्तीनंतर स्तन मऊ होतात, हाताला गाठ सहज जाणवते, त्याच वयात मृत्यू घटले. दुसरी हरकत नैतिक आहे. गरीब बायकांच्या निम्म्या गटाला तपासणीविना ठेवून वर्षानुवर्षे मृत्यू मोजणे योग्य होते का? याच वस्त्यांमध्ये गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी व्हिनेगरमधल्या आम्लाने करायची साधी तपासणीही अभ्यासली गेली आणि तिने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात असे दिसले. अभ्यासाच्या त्या भागावर अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी कडक टीका केली. त्या काळी इथल्या बायकांना कुठलीच तपासणी मिळत नव्हती, म्हणून कुणाचे काही हिरावले नाही, असे उत्तर दिले गेले. ते पुरेसे आहे असे मला वाटत नाही. त्या गटातल्या बायकांचे ऋण आपल्यावर आहे आणि मिळालेले ज्ञान कपाटात ठेवून ते फिटणार नाही.

तिसरी हरकत जास्त वेळा ऐकू येते. आपल्याकडे हा रोग तरुणपणी होतो, परदेशापेक्षा दहा वर्षे आधी, मग पन्नाशीची भाषा कशाला? आपल्या रुग्णालयांत तरुण रुग्ण जास्त दिसतात हे खरे. त्याचे मोठे कारण म्हणजे आपली लोकसंख्याच तरुण आहे. चाळिशीतल्या बायका जिथे साठीतल्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, तिथे चाळिशीतले रुग्णही जास्त दिसणार. एकेका बाईचा धोका पाहिला तर चाळिशीतल्या भारतीय बाईला हा रोग होण्याची शक्यता त्याच वयाच्या अमेरिकी बाईपेक्षा कमीच आहे. तरुण वयात स्तन दाट असतात, मॅमोग्राफीत दाट भागही पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, म्हणून चुकीची शंका आणि चुकीचा दिलासा दोन्ही वाढतात. तरुण बाईला गाठ लागली तर तिला एक दिवसही थांबवू नये. पण काही त्रास नसलेल्या सगळ्या तरुण बायकांना यंत्राखाली उभे करणे, हे त्याचे उत्तर नव्हे. जिच्या आईला, बहिणीला किंवा मावशीला कमी वयात स्तनाचा वा बीजकोषाचा कर्करोग झाला, तिची गोष्ट वेगळी. बीआरसीए नावाच्या जनुकांत दोष असेल तर आयुष्यभरातला धोका कितीतरी पटींनी वाढतो. अशा घरांतल्या बायकांना जनुकीय सल्ला, एमआरआय आणि गरजेप्रमाणे प्रतिबंधक औषधे मिळायलाच हवीत.

आणि मग येतो सर्वांत टोचणारा प्रश्न. श्रीमंत बाईला मॅमोग्राफी आणि गरीब बाईला हाताची तपासणी, हा दुजाभाव नाही का? प्रश्न विचारणाऱ्यांची तळमळ मला मान्य आहे. पण यात मॅमोग्राफी ही वरच्या प्रतीची आणि हात हा दुय्यम, असे आधीच धरून चाललेले असते. एका यंत्रामागे चित्र वाचणारा अनुभवी तज्ज्ञ लागतो, शंकास्पद जागेतून सुईने तुकडा काढणारा डॉक्टर लागतो, तो तपासणारी प्रयोगशाळा लागते. यातले काहीच नसताना तालुक्याच्या गावी फिरती गाडी पाठवली, तर त्या गाडीतून निघतात ते अहवाल. ‘संशयास्पद’ असा शेरा असलेला कागद हातात घेऊन बाई कुठे जाणार, हे कुणी ठरवलेले नसते. जिथे निम्म्याजवळ रोग उशिरा सापडतो, तिथे दोन सेंटिमीटरची गाठ पाच सेंटिमीटरची होण्याआधी पकडणे यातच खूप मिळण्यासारखे आहे, आणि ती गाठ हाताला लागते. दुजाभाव होतो तो पुढे, उपचारात. दोघींच्या गाठींवरचे औषध सारखेच असायला हवे.

स्वतःची तपासणी स्वतः करायला बायकांना शिकवले की काम झाले, असा एक समज ऑक्टोबरातल्या गुलाबी फितींच्या कार्यक्रमांतून पसरला आहे. चीनमधल्या शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार बायकांवर याचा मोठा प्रयोग झाला. अर्ध्यांना काटेकोर शिकवले, आठवण करून दिली, देखरेख ठेवली. २००२ मध्ये निकाल आला, तेव्हा मृत्यूंमध्ये फरक नव्हता; साध्या, निरुपद्रवी गाठींसाठी चिरफाड मात्र वाढली होती. याचा अर्थ बाईने आपल्या शरीराकडे लक्ष देऊ नये असा नाही. नवी गाठ, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी दिसली तर दुखायची वाट न पाहता दाखवायचे, एवढे तिला आणि तिच्या नवऱ्यालाही ठाऊक हवे. पण महिन्याच्या महिन्याला करायचे व्रत म्हणून ते तिच्या गळ्यात घालणे, आणि रोग उशिरा सापडला की तिलाच दोष देणे, हे पुराव्याला धरून नाही. प्रतिबंधाबद्दलही हेच. अंगावर पाजल्याने धोका कमी होतो हे ३० देशांतल्या ४७ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून २००२ मध्ये स्पष्ट झाले. दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे सुमारे ४.३ टक्के. रजोनिवृत्तीनंतरचे वाढते वजन, दारू, दीर्घकाळ घेतलेली हार्मोनची औषधे यांनी धोका वाढतो. चालण्याफिरण्याने काहीसा घटतो. हे सांगावे जरूर. पण ज्यांनी तीन मुलांना पाजले, दारूला कधी शिवल्या नाहीत, शेतात राबल्या, त्यांनाही हा रोग होतो. आपले काय चुकले असे त्या विचारत राहतात, आणि बहुतेकींचे काहीच चुकलेले नसते.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तिशीपुढच्या लोकांची तपासणी गावपातळीवर करण्याचा आराखडा काढला. त्यात स्तनासाठी हाताची तपासणीच सांगितली आहे, दर पाच वर्षांनी. दिशा बरोबर आहे. मुंबईच्या अभ्यासात मात्र अंतर दोन वर्षांचे होते, काम करणाऱ्या बायकांचे तेच मुख्य काम होते आणि त्यांच्यामागे टाटासारखे रुग्णालय होते. आपल्या एएनएम ताईंकडे आणि आशांकडे लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग, नोंदवह्या आणि मोबाइलमधले अर्ज एवढे सगळे आहे. त्यात ही तपासणी आणखी एक रकाना म्हणून टाकली तर रकाना भरला जाईल, पण स्तन नीट तपासायला लागणारी मिनिटे कुठून येतील? त्यासाठी वेगळी माणसे, वेगळे मानधन आणि वारंवार उजळणी लागेल. खर्च होईल. मॅमोग्राफीच्या गाड्यांनाही होतोच.

गाठ सापडल्यानंतरचा रस्ता हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अमेरिकेत मृत्यू घटले त्याचे श्रेय तपासणीला किती आणि औषधोपचारांना किती, याचा हिशेब सात संशोधक गटांनी स्वतंत्रपणे मांडला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीचा वाटा कुणाच्या गणितात २८ टक्के आला, कुणाच्या ६५ टक्के, उरलेला उपचारांचा. म्हणजे उपचार पोहोचत नसतील, तर उत्तम तपासणीचेही अर्धे काम वाया जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ठेवलेली तीन उद्दिष्टे म्हणूनच मला नेमकी वाटतात. शंभरातले किमान साठ रोग पहिल्या दोन अवस्थांतच सापडावेत, बाई दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार शेवटपर्यंत पार पडावेत. गावाकडची बाई उपकेंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्हा रुग्णालयात, तिथून मुंबईच्या किंवा बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात जाते. सुईच्या तपासणीची तारीख एक, अहवालाची दुसरी, आणि प्रत्येक तारखेला सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा आणि केमोचा भार बराच उचलला आहे, पण परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकणाऱ्या कुटुंबांना विचारले तर उपचारापेक्षा राहण्याखाण्यानेच कंबर मोडली असे ते सांगतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ मधल्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले गेले, की तुमची स्तनाची तपासणी कधी झाली आहे का? देशभरात ०.९ टक्का बायका ‘हो’ म्हणाल्या. पुढच्या फेरीत हा आकडा वाढेल अशी आशा आहे. तो वाढेल तेव्हा त्याच पानावर आणखी दोन रकाने असावेत: शंका आलेल्यांपैकी किती जणींची सुईची तपासणी ६० दिवसांच्या आत झाली, आणि रोग निघालेल्यांपैकी किती जणींची शेवटची केमो पूर्ण झाली.